तुम्ही विचारलंत म्हणून: काका, ही स्नायपर खरी आहे का?

महिन्यातून दोनदा तरी हा प्रश्न येतोच. (स्नायपर म्हणजे इथे माणूस नव्हे, दुर्बीण लावलेली लष्करी रायफल.) गणपतीत मंडळाच्या पंगतीला बसलो असताना येतो, रेंजवर येतो, रात्री साडेअकराला व्हॉट्सअ‍ॅपवर येतो, सोबत एक धूसर फोटो आणि खाली "काका, घेऊ का?" मी ओहायोत राहतो, त्याआधी बारा वर्षं पिंपरीत टूलरूममध्ये काढली, आणि दुसऱ्या महायुद्धातल्या जुन्या रायफली जमवायचा नाद मला इथे आल्यावर लागला. (पुण्याहून धाकटा भाऊ अधूनमधून विचारतो की एखादी इकडे आणता येईल का, तर नाही रे बाबा, ब्रिटिश रायफलींचं .303 हे माप भारतात प्रोहिबिटेड बोअर आहे, म्हणजे सामान्य माणसाला परवाना नाही, विषय संपला.) तर आता एकदाच सविस्तर लिहून ठेवतो, म्हणजे पुढच्या वेळी लिंक पाठवली की काम झालं.

आधी माझी फजिती. पहिली "स्नायपर" मी घेतली ती रशियन मोसिन-नागां 91/30, वर साडेतीन पटीची छोटीशी पीयू दुर्बीण. गन शोमधला विक्रेता एवढा गोड बोलत होता की मी टेबलाशी उभ्या उभ्या स्टालिनग्राडला जाऊन आलो. घरी आणली, रेंजवर नेली, आणि झिरो करता करता, म्हणजे दुर्बीण नेमाशी जुळवता जुळवता, बघतो तर दुर्बिणीतला नेम धरायचा टोकदार खांब पार डाव्या कोपऱ्यात जाऊन बसलेला. आता पीयूमध्ये ड्रम, म्हणजे दुर्बिणीवरची चकती, फिरवली की खांब स्वतःच सरकतो, त्यामुळे तो थोडा बाजूला असणं चालतं, पण इतका कोपऱ्यात म्हणजे माउंटची (दुर्बीण बसवायच्या पकडीची) भोकं वाकडी पाडलीत. मग बोल्ट, म्हणजे गोळी आत ढकलणारा दांडेवाला भाग, काढला. साध्या मोसिनच्या बोल्टचा दांडा सरळ आडवा असतो, उचलला की दुर्बिणीला आपटतो, म्हणून स्नायपरला लांब आणि खाली वाकवलेला दांडा लावायचे. माझ्या दांड्याच्या मुळाशी टॉर्च तिरका धरला तर ब्ल्यूइंगखाली, म्हणजे पोलादावरच्या निळसर-काळ्या थराखाली, गोल रिंग दिसली, आणि त्या रिंगेत सुईच्या टोकाएवढे दोन-तीन खड्डे. वेल्डिंग! सरळ दांडा कापून वाकडा जोडलेला. बारा वर्षं टूलरूममध्ये काढलेला माणूस मी, आणि विकत घेताना बोल्टकडे बघितलंच नाही, कारण दुर्बिणीतून बघण्यात रमलो होतो.

मोसिनमध्ये अजून एक गोंधळ आहे. युद्धानंतर सोव्हिएत कारखान्यांनी पुष्कळ खऱ्या स्नायपरची दुर्बीण आणि माउंट काढून घेतलं, भोकं बुजवली, डाव्या बाजूला ठोकलेला दुर्बिणीचा नंबर खोडला आणि साधी रायफल म्हणून परत गोदामात ठेवून दिली. इथे अमेरिकेत कुणीतरी ती भोकं उघडून नवं माउंट चढवतं. अशी रायफल खोटी म्हणायची का? रायफल खरी, तिची नोकरीही खरी, फक्त आत्ताची जोडणी कालपरवाची. मी म्हणतो घ्या खुशाल, पण त्याच हिशोबाने पैसे द्या. माझी तर त्यातलीही नव्हती, ती आयुष्यात कधीच स्नायपर नव्हती.

पण सगळ्यात जास्त विचारणा होते ती ब्रिटिश नंबर 4 मार्क 1 (टी), म्हणजे नंबर 4 रायफलीच्या दुर्बीणवाल्या आवृत्तीबद्दल, आणि मला स्वतःला बोलायला आवडतं तेही हिच्याबद्दलच. नंबर 4 रायफली बनल्या 40 लाखांच्या आसपास, त्यातल्या टी झाल्या फक्त 23 ते 26 हजार, आणि दोघींच्या किमतीत आज कितीतरी पट फरक आहे, म्हणजे साधीची टी करण्याचा मोह कुणालाही होणारच. त्यावेळची पद्धत अशी होती की कारखान्यात टेस्टिंगला जी रायफल छान नेम धरते ती बाजूला काढायची आणि 1942 पासून लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडकडे पाठवायची. हो, तेच, राजेमहाराजांच्या शिकारीच्या बंदुका बनवणारे. ते डाव्या बाजूला दुर्बिणीच्या पकडीसाठी धातूचे दोन पॅड बसवायचे, स्क्रूने आणि वर सोल्डरनेही, दस्त्यावर गाल टेकवायला लाकडी उशी लावायचे, आणि क्रमांक 32 ची तीन पटीची दुर्बीण चढवायचे. ही दुर्बीण मुळात ब्रेन नावाच्या मशीनगनसाठी काढलेली, म्हणून ती एवढी दणकट आणि जड.

आता खुणा. बर्मिंगहॅमच्या बीएसए कारखान्याची असेल तर डाव्या बाजूला टीआर अक्षरं बघा, म्हणजे निवड झालेली, आणि वेगळा टी, म्हणजे रूपांतर पूर्ण झालेलं. दस्ता उलटा करा, खालच्या अंगाला एस 51 हा हॉलंडचा कोड असतो. मागची साइट, म्हणजे नेम धरायची पट्टी, उचलून बघा, साध्या रायफलीत ती पाडली की जवळच्या माऱ्यासाठी एक मोठं भोक समोर येतं, टीमध्ये ते भोक घासून उडवलेलं असतं कारण दुर्बिणीखाली त्याला जागाच नाही. बनावट करणारे हे विसरतात, का कोण जाणे, पण दहातले निम्मे तरी विसरलेले मी बघितलेत.

आणि मग पत्रिका जुळवायची. दुर्बिणीच्या ब्रॅकेटवर रायफलीचा नंबर असतो, बोल्टच्या दांड्यामागे रायफलीचा नंबर असतो, आणि दस्त्याच्या मनगटावर, म्हणजे आपण मूठ धरतो तिथे वरच्या बाजूला लाकडात दुर्बिणीचा नंबर ठोकलेला असतो. हे सगळे एकमेकांना ओळखतात का ते बघायचं. इथेच लोक फसतात, कारण त्यांना छत्तीसच्या छत्तीस गुण हवे असतात. माझ्याकडच्या टीच्या मनगटावर एक नंबर रेघ मारून खोडलाय आणि त्याच्या बाजूला दुसरा ठोकलाय. एक जण म्हणाला काका, हा डाग आहे, भाव पाडा. अहो डाग कसला! पहिली दुर्बीण बिघडली, आर्मररने, म्हणजे सैन्यातल्या शस्त्र दुरुस्त करणाऱ्याने, दुसरी लावली, जुना नंबर खोडून नवा मारला, सैन्यात हे रोजचं काम होतं. रायफल 1943 ची आणि दुर्बीण त्यानंतर आलेली मार्क 3 (तिची तिसरी आवृत्ती), असं दिसलं तर मी उलट खूश होतो. बनावटवाला कशाला खोडाखोड करेल, त्याला तर सगळं चकचकीत जुळलेलं दाखवायचं असतं.

त्या ठोकलेल्या आकड्यांवर मी भिंग घेऊन सगळ्यात जास्त वेळ घालवतो. हाताने नंबर पंच मारला की एक आकडा जरा खोल जातो, एक तिरका पडतो, टूलरूममध्ये आम्ही हजारो मारलेत, कितीही जपा, ओळ सरळ येत नाही. लाकडातल्या जुन्या आकड्याच्या कडा तेलाने आणि हातांच्या मळाने गोलसर, काळपट होतात. नव्याने मारलेल्या आकड्यात तळाला लाकडाचे तंतू फिकट दिसतात, आणि वरून कॉफी नाहीतर बूटपॉलिश चोळलेलं असलं तर ते फक्त खड्ड्यात साचतं, आजूबाजूला नसतं. नाक लावून बघा, पॉलिशचा वास येतो. हसू नका, मी खरंच हुंगतो, बायकोने गन शोला माझ्याबरोबर यायचं त्यामुळेच बंद केलं.

आपल्याकडची एक खूण पण सांगतो. पुढच्या लाकडातून आडवा गेलेला स्क्रू दिसला तर ती रायफल बंगालच्या इशापूर कारखान्यातून जाऊन आलेली असण्याची दाट शक्यता. लाकूड फाटू नये म्हणून ते तसा स्क्रू मारायचे. इथले काही कलेक्टर त्याला नाक मुरडतात. मी नाही मुरडत, आता तेवढा पक्षपात चालायचाच.

कागद, लाकडी पेटी, लेन्सच्या चामडी टोप्या, "आमच्या आजोबांनी इटलीत वापरली होती" वगैरे मी शेवटी ऐकतो. पेटी वेगळी विकत मिळते आणि आजोबा तर फुकटच मिळतात.

परवा कोलंबसहून एका मुलाचा फोन आला, टी मिळतेय, उद्यापर्यंत सांगायचंय. म्हटलं तीन फोटो पाठव, डावी बाजू जवळून, मनगटाचं लाकूड, आणि मागची साइट उचलून. अर्ध्या तासाने एकच फोटो आला. दुर्बिणीतून काढलेला, समोरच्या शेजाऱ्याच्या मेपलचा.