बर्लिनमधले एक सत्र: नाटकघरे, संग्रहालये आणि अधूनमधून बडोदे

परदेशी विद्यापीठात एका सत्रापुरता शिकवायला गेलेला माणूस धड पाहुणा नसतो आणि धड रहिवासीही नसतो. पाहुण्याला चार दिवसांत सगळे उरकायचे असते, म्हणून तो संग्रहालयातून धावत सुटतो. रहिवाशाला कसलीच घाई नसते, म्हणून गावातल्याच गोष्टी त्याच्या पाहायच्या राहून जातात. (उभा जन्म बडोद्यात काढूनही लक्ष्मीविलास राजवाड्यातला दरबार हॉल न पाहिलेल्या कितीतरी नातेवाइकांची नावे मी सांगू शकेन.) बर्लिनच्या एका विद्यापीठात हिवाळी सत्रात संख्याशास्त्र शिकवताना मला या दोहोंच्या मधली जागा मिळाली. ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत व्याख्याने चालतात. म्हणजे एकच चित्र पुन्हा पुन्हा पाहायला जाता येईल इतका वेळ हाताशी असतो आणि ‘पुढे कधीतरी पाहू’ असे म्हणण्याची सोय मात्र नसते.

नाटकाकडे मी आधी वळले. बडोद्याच्या मराठी घरांत नाटकाचे वेड सयाजीरावांच्या काळापासून चालत आले आहे. गंधर्व नाटक मंडळीला गायकवाड सरकारचा आश्रय होता, ही गोष्ट आमच्याकडे अजूनही घरचे कौतुक सांगावे तशी सांगतात. आजही मुंबई-पुण्याचे एखादे नाटक महात्मा गांधी नगरगृहात किंवा अकोट्याच्या सर सयाजीराव नगरगृहात लागले, की दांडिया बाजार आणि रावपुऱ्यातली निम्मी ओळखीची मंडळी तिथे भेटतात. ब्रेख्त हा जर्मन नाटककारसुद्धा आमच्या पिढीला जर्मनमधून नव्हे, तर मराठीतूनच भेटला. विजया मेहता यांनी फ्रिट्झ बेनेविट्झ या जर्मन दिग्दर्शकाच्या साथीने उभे केलेले ‘अजब न्याय वर्तुळाचा’ आणि पु. ल. देशपांडे यांनी रूपांतरित केलेले, थिएटर अकॅडमीने १९७८ मध्ये रंगभूमीवर आणलेले ‘तीन पैशाचा तमाशा’ यांविषयी घरातल्या मोठ्यांच्या तोंडून ऐकतच आम्ही वाढलो.

त्यामुळे श्प्री नदीच्या काठावरचे ब्रेख्तचे नाटकघर पाहायची ओढ साहजिकच होती. इमारत १८९२ ची आहे. ३१ ऑगस्ट १९२८ रोजी ब्रेख्त आणि संगीतकार कुर्ट वाइल यांच्या ‘थ्री पेनी ऑपेरा’चा पहिला प्रयोग इथेच झाला. पुढे ब्रेख्त आणि त्याची पत्नी, अभिनेत्री हेलेने वायगेल यांनी १९४९ मध्ये स्थापन केलेली बर्लिनर एन्सेम्बल ही संस्था १९५४ मध्ये या वास्तूत राहायला आली आणि आजही तिथेच आहे. आत शिरल्यावर थोडे गोंधळायला होते. कामगारांच्या बाजूने लिहिणाऱ्या, रंगमंचावर भपका नको म्हणणाऱ्या नाटककाराचे हे घर. आणि आत मात्र लाल मखमल, सोनेरी नक्षी आणि भिंतीभिंतीवर गिलाव्याच्या गुबगुबीत पऱ्या! ब्रेख्तने ही सजावट काढून टाकली नाही. राजासाठी राखलेल्या कक्षावरच्या प्रशियन गरुडावर तेवढी लाल रंगाची फुली मारून घेतली. ती फुली अजून आहे, आणि ब्रेख्त म्हणजे काय हे समजावून सांगायला माझ्या मते तेवढी एक फुली पुरे आहे.

‘थ्री पेनी ऑपेरा’ मी गेले तेव्हा तिथे बॅरी कोस्की यांनी २०२१ मध्ये बसवलेल्या रूपात होते. लोखंडी सांगाड्यांच्या जाळ्यावर नट चढतात, लोंबकळतात, अडकतात आणि गातात. गाणी तर फारच चोख होती. तरीही मला काहीतरी उणे वाटत राहिले. प्रेक्षकाला गोष्टीत बुडू न देता सावध ठेवायचे, नटाने पात्र होऊन न जाता पात्र ‘दाखवायचे’ ही ब्रेख्तची मांडणी १९३५ मध्ये मॉस्कोत मेई लानफांग या चिनी नटाचे काम पाहून पक्की झाली. आपल्याकडे सूत्रधार, सोंगाड्या आणि वगातली बतावणी हे काम कुठल्याही सिद्धान्ताविना करत आले आहेत. सोंगाडी प्रेक्षकांशी सलगीही करतो आणि त्यांना टोचतोही. बर्लिनच्या नटांच्या टोचण्यात सफाई होती, सलगी नव्हती. अर्थात माझे जर्मन बाजारहाटापुरते. रंगमंचावरच्या पट्टीवर उमटणारी इंग्रजी वाक्ये वाचत मी नाटक पाहत होते, तेव्हा या मताला तेवढी सूट द्यावी.

खरा हेवा वाटला तो तिथल्या व्यवस्थेचा. मोठ्या सार्वजनिक नाटकघरांत एकच नाटक सलग चालवत नाहीत. संस्थेकडे पगारी नटसंच असतो, पंधरा-वीस नाटके तयार असतात आणि महिन्याच्या वेळापत्रकात ती आलटून पालटून लागतात. मंगळवारी खलनायक झालेला नट गुरुवारी म्हातारा नोकर म्हणून येतो. नेपथ्य रात्री उतरते, सकाळी दुसरे चढते. खर्चाचा मोठा भाग सरकार उचलते, त्यामुळे तिकिटे माझ्या विद्यार्थ्यांनाही परवडत. हे ऐकताना नवल वाटते, पण जुन्या मराठी संगीत नाटक मंडळ्यांचा संसार याहून फार वेगळा नव्हता: पगारी नट, मंडळीचे बिऱ्हाड, हाताशी तयार असलेली बरीच नाटके, आठवड्यातल्या ठरलेल्या वारी वेगवेगळे खेळ आणि पाठीशी एखादा संस्थानिक. आपल्याकडे संस्थाने गेली आणि त्यांच्या जागी कोणी उभे राहिले नाही. जर्मनीत राजे गेले, पण त्यांची नाटकघरे शहरांनी आणि प्रांतांनी दत्तक घेतली.

या व्यवस्थेमुळे नाटकाला वय वाढवायला मिळते. शाउब्यूने या नाटकघरात थॉमस ऑस्टरमायर यांनी दिग्दर्शित केलेला ‘हॅम्लेट’ २००८ पासून चालू आहे आणि लार्स आयडिंगर हा नट ती भूमिका तेव्हापासून करतो आहे. सगळी पात्रे मिळून सहाच नट; रंगमंचभर माती पसरलेली; सुरुवातीलाच राजाचे दफन, वरून नळीने पाडलेला पाऊस, चिखलात घसरणारा कबर खोदणारा माणूस आणि न बोलता उभे असलेले कुटुंब. त्या मुक्या प्रवेशात शेक्सपिअरचे एक अक्षर नाही, तरी सगळे नाटक तिथेच कळून चुकते. पुढे आयडिंगर प्रेक्षकांत उतरतो, भूमिकेतून बाहेर येतो, कोणाची तरी थट्टा करतो आणि पुन्हा आत शिरतो. (सलगी हवी होती ती इथे मिळाली, तीही शेक्सपिअरमध्ये.) अडीच-पावणेतीन तास हे चालते आणि मध्यंतर नाही. मध्यंतरात बटाटेवडा आणि ओळखीच्या माणसांची चौकशी हा नाटकाचाच भाग मानणाऱ्या आम्हा लोकांना हे जरा कठोर वाटते. ऑपेराही पाहिले, त्यावर मत देण्याइतके मला त्यातले कळत नाही.

संग्रहालयांची गोष्ट वेगळी. तिथे मी एक शिस्त लावून घेतली होती: एका खेपेला एकच दालन, जमल्यास एकच चित्र. वर्षाचा पास काढला की तिकिटाचे पैसे वसूल करण्याची चिंता मिटते आणि अर्ध्या तासात बाहेर पडले तरी चालते. गेमेल्डेगालेरी या जुन्या युरोपीय चित्रांच्या संग्रहालयात व्हर्मीर या डच चित्रकाराचे एक छोटे चित्र आहे, फार तर अडीच वीत उंचीचे. पिवळे जाकीट घातलेली एक तरुणी खिडकीजवळच्या आरशात पाहत गळ्यातल्या मोत्यांच्या माळेच्या फिती ओढून धरते आहे. तिच्या आणि खिडकीच्या मधली भिंत पूर्ण रिकामी आहे. किरणांच्या तपासणीत असे दिसले, की व्हर्मीरने त्या भिंतीवर आधी एक मोठा नकाशा रंगवला होता आणि मग स्वतःच तो बुजवून टाकला. हे कळल्यावर मी ते चित्र वेगळ्याच नजरेने पाहू लागले: मुलीकडे नव्हे, भिंतीकडे. ती पांढरी नाहीच. खिडकीशी ऊबदार, पुढे राखाडी, कोपऱ्यात जवळजवळ निळी. दालनात उजेड छतातून येतो. ऑक्टोबरातल्या दुपारी ती भिंत एक होती, आणि चारच्या सुमारास सूर्य मावळणाऱ्या डिसेंबरात दुसरीच. पहिल्या खेपेला यातले काहीही मला दिसले नव्हते.

त्याच इमारतीत ‘सोनेरी शिरस्त्राणातला माणूस’ आहे, आणि तो मी माझ्या विद्यार्थ्यांना मुद्दाम दाखवायला नेला. हे चित्र अनेक दशके रेम्ब्रांटचे म्हणून प्रसिद्ध होते. त्याच्या छपाई केलेल्या प्रती जर्मन घराघरांत होत्या. १९८० च्या दशकात रंगांच्या थरांची तपासणी आणि शैलीचा अभ्यास यांवरून निष्कर्ष निघाला, की ते रेम्ब्रांटचे नसून त्याच्या वर्तुळातल्या कोणाचे तरी आहे. वर्गात आम्ही नवा पुरावा आल्यावर आधीची खात्री किती आणि कशी बदलावी, याचे सूत्र शिकत होतो; त्याचे याहून चांगले उदाहरण फळ्यावर मांडता आले नसते. एका विद्यार्थिनीने विचारले, की चित्र तेच आहे, मग त्यापुढची गर्दी का ओसरली? संख्याशास्त्राकडे याचे उत्तर नाही. शिरस्त्राणावरचा जाड, खडबडीत, चमकता रंग आजही थक्क करतो. परत येताना वर्गात नेहमी गप्प बसणारी मुलेच सर्वांत जास्त वाद घालत होती.

म्युझियम बेटावरचे पेर्गामोन संग्रहालय दुरुस्तीसाठी २०२३ पासून बंद असल्याने बॅबिलोनचे इश्तार द्वार पाहता आले नाही. त्याची भरपाई शेजारच्या नॉयेस म्युझियमने केली. तिथे इजिप्तची प्राचीन राणी नेफेर्टिटी हिचा १९१२ मध्ये सापडलेला मुखपुतळा आहे. त्या दालनात छायाचित्रे काढायला बंदी असल्याने लोक निमूटपणे तिच्याकडे पाहतात, हे आजकाल दुर्मीळ झालेले दृश्य. पण मला इमारतच अधिक आवडली. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यांनंतर ती कित्येक दशके भग्न होती. डेव्हिड चिपरफील्ड यांनी तिचा जीर्णोद्धार करताना जखमा लपवल्या नाहीत: अर्धवट उडालेली भित्तिचित्रे तशीच ठेवली, गेलेल्या भागाची नक्कल न करता साध्या विटा आणि काँक्रीट वापरले, आणि २००९ मध्ये ती पुन्हा उघडली. जुन्या वास्तूला ऑइलपेंटचा हात मारून ‘नवी’ करण्याची आपल्याकडची हौस पाहता, संबंधित सर्व अधिकाऱ्यांना तिथे एकदा सहलीला न्यावे असे वाटते.

बडोद्याचा धागा मला तिथे अनपेक्षितपणे सापडला असे म्हणता येणार नाही. तो मी शोधतच होते. कमाटीबागेतले आमचे संग्रहालय १८९४ मध्ये पूर्ण झाले. देवमाशाचा सांगाडा आणि इजिप्तची ममी यांसाठी बडोद्याचे प्रत्येक मूल तिथे जाते आणि शेजारच्या चित्रदालनाकडे बहुधा पाठ फिरवते. ते चित्रदालन १९१४ मध्ये बांधून झाले, पण युरोपात खरेदी केलेली चित्रे पहिल्या महायुद्धामुळे अडकून पडली आणि दालन उघडायला १९२१ उजाडले. पुढे नाझी सत्तेवर आल्यावर देश सोडावा लागलेले एर्न्स्ट कोन-वीनर हे बर्लिनचे कला-इतिहासकार सयाजीरावांच्या निमंत्रणावरून बडोद्यास आले आणि त्यांनी इथल्या कलासंग्रहाची नव्याने मांडणी केली. त्यांच्यानंतर हर्मन गोएट्झ या दुसऱ्या जर्मन विद्वानाने संग्रहालयाची धुरा सांभाळली. पुढे दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाचे पहिले प्रमुखही तेच झाले. बर्लिनने हाकललेल्या माणसाची नजर बडोद्याच्या भिंतींवर काम करून गेली. अकोट्याला १९५१ च्या सुमारास जमिनीतून निघालेल्या जैन कांस्यमूर्तीही याच संग्रहालयात आहेत, आणि त्यांतल्या काही इसवी सनाच्या पाचव्या-सहाव्या शतकातल्या आहेत. ज्या अकोट्यात आम्ही नाटक पाहायला जातो, तिथल्याच मातीतले हे वैभव आहे. बर्लिनमध्ये एवढ्यासाठी स्वतंत्र दालन, मंद दिवे आणि रांग असती.

पुढे कोणाला अशी संधी आली, तर थंडीला न भिता हिवाळी सत्रच घ्यावे. उन्हाळ्यात झाडे, तळी आणि रात्री नऊपर्यंतचा उजेड असतो खरा, पण जुलैत नाटकघरे सुट्टीवर जातात ती थेट सप्टेंबरपर्यंत उघडत नाहीत. ‘हॅम्लेट’सारख्या नाटकाची तिकिटे विक्री सुरू होताच संपतात, म्हणून पुढच्या महिन्याचे वेळापत्रक कधी जाहीर होते ते आधी विचारून ठेवावे. बहुतेक संग्रहालये सोमवारी बंद असतात. तेव्हा विद्यापीठाने विचारलेच, तर आपले सगळे तास सोमवारी मागून घ्यावेत.