चौथ्या ग्लासातली मिरी अखेर सापडली

गेल्या दोन नोंदींत ज्या शिराझ या रेड वाइनविषयी मी हताश होऊन लिहिले होते, तिचे कोडे परवाच्या रविवारी सुटले. फेब्रुवारीत नाशिकच्या टेस्टिंग रूममध्ये ती फ्लाइटमधला, म्हणजे ओळीने चाखायच्या पाच वाइनमधला, चौथा ग्लास म्हणून समोर आली, तेव्हा पिकलेल्या जांभळाचा आणि नुकत्याच कुटलेल्या काळ्या मिरीचा वास इतका स्पष्ट होता की आम्हा चौघांपैकी तिघांनी एकमेकांना न विचारता वहीत तेच लिहिले. तीच वाइन सांगलीत आणून उघडली की मिरी गायब होई आणि नाकात नुसता स्पिरिटचा दर्प भरे. तीन रविवारी तीन बाटल्या उघडल्या, पण तिन्ही वेळा चौथ्याच ग्लासापाशी घोडे अडले.

पहिला संशय अर्थातच प्रवासावर होता, कारण बाटल्या दिवसभर गाडीच्या डिकीत तापल्या होत्या. दुसरा संशय ग्लासांवर आला. ते पुठ्ठ्याच्या खोक्यात पालथे ठेवलेले होते आणि त्यांना खोक्याचा वास लागला होता. गरम पाण्याने धुऊन उघड्यावर वाळवल्यावर सोव्हिन्यो ब्लाँ या व्हाइट वाइनमधला ढोबळी मिरचीचा वास पहिल्यांदा लख्ख जाणवला आणि तेवढ्यापुरते समाधानही वाटले, पण शिराझ होती तशीच राहिली. (जाता जाता सांगतो, २१५ मिलिलिटरचा, वर निमुळता होत जाणारा, वाइन चाखण्यासाठीचा प्रमाणित आयएसओ ग्लास शोभेच्या मोठ्या ग्लासांपेक्षा कितीतरी कामाचा आहे, कारण त्यात ४० मिलिलिटर वाइनचाही वास साठून राहतो.)

मग शिराझ पहिल्या क्रमांकावर ठेवून पाहिली, तर मिरी परत आली. त्यावरून मी असा निष्कर्ष काढला की चौथ्या ग्लासापर्यंत आमची जीभ आणि नाक थकत असावे. प्रत्येक ग्लासानंतर बिनमिठाच्या ज्वारीच्या भाकरीचा तुकडा खाल्ला, प्रत्येक घोट थुंकून टाकला, मधूनमधून स्वतःच्या मनगटाचा वास घेऊन नाक ताजे केले, तरी चौथ्या जागी गेलेली शिराझ पुन्हा मुकी झाली. खरे तर मला तेव्हाच शंका यायला हवी होती. तोंड कोरडे पडते ते मुख्यतः रेड वाइनमधल्या टॅनिनमुळे, कारण टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटते. आमच्या क्रमात शिराझच्या आधी चेनिन ब्लाँ, सोव्हिन्यो ब्लाँ आणि रोझे एवढेच होते, आणि त्यांत जीभ थकवण्याइतके टॅनिन नसते.

रविवारी माझे मेहुणे तासगावहून चाळीस मिनिटे उशिरा आले. आमचे पाचही ग्लास नेहमीप्रमाणे सुरुवातीलाच ओतून झाले होते आणि बाटल्या फ्रिजमध्ये परत गेल्या होत्या. त्यांना शिराझ ताजी ओतून दिली. त्यांनी एकदाच वास घेतला आणि वहीत लिहिले, ‘मिरी, जांभूळ, थोडी लवंग.’ माझ्या ग्लासात त्याच बाटलीतली वाइन होती आणि मला स्पिरिटखेरीज काहीच लागत नव्हते. आम्ही ग्लासांची अदलाबदल केली, तशी नोंदींचीही अदलाबदल झाली. स्वयंपाकघरातला सुईचा थर्मामीटर बुडवून पाहिला, तर त्यांच्या ग्लासात १७ अंश आणि माझ्या ग्लासात २८ अंश!

वाइन तापली की अल्कोहोलची वाफ अधिक उठते आणि नाजूक वास त्याखाली दबतात, हे वाचून मला ठाऊक होते. पण ४० मिलिलिटरचा ग्लास एप्रिलच्या दुपारी किती लवकर खोलीएवढा तापतो, याचा विचारच केला नव्हता. फेब्रुवारीची वही काढून पाहिली, तेव्हा माझ्याच अक्षरात लिहिलेले सापडले की तिथे प्रत्येक ग्लास आधीचा संपल्यावर ओतला गेला होता. ग्लास ठेवायला पाच वर्तुळे काढलेला तिथला कागद आम्ही हुबेहूब उतरवला, पण ओतण्याची रीत तेवढी उतरवली नाही.

खात्री करण्यासाठी लगेच त्रिकोणी चाचणी घेतली. पत्नीने आतून दोन ग्लास थंड आणि एक कोमट, किंवा उलट, असे सहा वेळा आणून दिले. वेगळा ग्लास मी पाच वेळा ओळखला. निव्वळ अंदाजाने दोनदाच जमले असते, त्यामुळे त्या संध्याकाळचा आनंद अजून ओसरलेला नाही.

आमच्या चौथ्या सोबत्याला मात्र १७ अंशालाही मिरी लागली नाही. तो खट्टू झाला होता, म्हणून इथे मुद्दाम लिहितो. शिराझमधला मिरीचा वास रोटंडोन या संयुगाचा असतो आणि खऱ्या काळ्या मिरीतही तेच असते. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ मध्ये हे दाखवून दिले, तेव्हा सुमारे पाचातल्या एका माणसाला हा वास येतच नाही, हेही आढळले. आमच्या या सोबत्याचे नाक इतर सगळ्या बाबतींत आमच्यापेक्षा सरस आहे. पाचव्या ग्लासातल्या लेट हार्वेस्ट (उशिरा तोडलेल्या द्राक्षांच्या) चेनिनमधला बेदाण्याच्या शेडचा वास सर्वांत आधी त्यानेच पकडला होता.

पुढच्या रविवारी फ्लाइट दोन टप्प्यांत ओतायची, एवढेच ठरले होते. हे लिहिताना मात्र वाटू लागले आहे की पाच वाइन बाजूला ठेवून एकच शिराझ १२, १६, २० आणि २४ अंशांना अशी चार ग्लासांत मांडावी. फार थंड केली तर तुरटपणा पुढे येतो, हेही त्यात तपासता येईल. ऑगस्टची नाशिकवारी त्यामुळे पुढे ढकलतो. थंडीत द्राक्षतोडणी सुरू झाल्यावर, जानेवारीअखेरीस जाऊ आणि तिथे प्रत्येक ग्लासाचे तापमान वासाच्या आधी वहीत उतरवू. गाडी चालवण्याची पाळी या खेपेस माझी आहे, म्हणून माझे ग्लास मेहुणे घेतील आणि मी थर्मामीटर धरीन.