ब्रेक दाबला की डॅशबोर्ड उजळतो? आधी अर्थिंग बघा

जुनी गाडी ठेवणाऱ्या प्रत्येकाला हा आजार माहितीय. आज इंडिकेटर बंद, उद्या आपोआप चालू, परवा हॉर्न दाबला तर काहीच नाही आणि गॅरेजला नेली की सगळं ठणठणीत. मेकॅनिक आपल्याकडे असा बघतो की जणू आपणच उगाच वेळ घालवायला आलोय.

आमच्या पेट्रोल हॅचबॅकची पंधरा वर्षं संपली तेव्हा आरसी पुढच्या पाच वर्षांसाठी रिन्यू करायची होती, म्हणून पासिंगच्या आधी मागच्या बाजूचं डेंटिंग-पेंटिंग करून घेतलं. पासिंग झालं. पण त्यानंतरच हे सगळं सुरू झालं, आणि त्याचा पेंटिंगशी संबंध आहे हे कुणालाच सुचलं नाही, कारण रंग आणि वायरिंगचा काय संबंध! एका ठिकाणी सांगितलं बॅटरी गेली, दुसरीकडे सांगितलं डायनामो उघडावा लागेल, तिसरा म्हणाला अख्खं वायरिंग बदला साहेब, जुनं झालंय. बॅटरी बदलली पण, दोन-तीन आठवडे बरं वाटलं आणि मग परत तेच.

शेवटी नाना पेठेत स्पेअर घ्यायला गेलो तेव्हा तिथल्या एका म्हाताऱ्या वायरमन काकांशी बोलणं झालं. त्यांनी गाडी बघितलीपण नाही, फक्त विचारलं, "ब्रेक मारल्यावर मीटरचे दिवे लागतात का?" म्हणलं, हो, मंद लागतात. "मग मागचं अर्थिंग गेलंय. प्लस सगळे बघतात हो, मायनस कोण बघत नाही."

अर्थिंग म्हणजे करंटचा बॅटरीच्या मायनसला परत जायचा रस्ता, गाडीत तो बॉडीच्या पत्र्यातून जातो. याच्यामागचं कारण एकदा कळलं की पुढचे बरेच फॉल्ट आपले आपण पकडता येतात. अशा बऱ्याच जुन्या गाड्यांत ब्रेक आणि पार्किंगचा मागचा बल्ब एकच असतो, 21/5 वॉटचा, त्यात दोन फिलामेंट आणि दोघांना मिळून एकच अर्थ. आता तो अर्थच तुटला तर ब्रेकचा करंट 21 वॉटच्या फिलामेंटमधून येतो, परत जायला रस्ता नाही, मग तो 5 वॉटच्या फिलामेंटमधून उलटा पार्किंगच्या लाईनमध्ये घुसतो. त्या लाईनवर पुढच्या पार्किंग लाईटी आणि मीटरमागचे बल्ब असतात, त्यांचं अर्थिंग व्यवस्थित असतं, म्हणून ब्रेक दाबला की डॅशबोर्ड उजळतो. इंडिकेटरचा अर्थपण त्याच लॅम्पमध्ये असेल तर इंडिकेटरबरोबर पार्किंग लाईट लुकलुकते. करंटला घरी जायचं असतं, रस्ता बंद असला की तो शेजाऱ्याच्या अंगणातून जातो.

डिकीतलं कव्हर काढलं तर लॅम्पच्या मागे बॉडीला एक 10 नंबरचा बोल्ट, त्याला काळी वायर. वरून बघितलं तर एकदम मस्त, घट्ट. खोलला तर रिंगच्या खाली नवीन रंगाचा चकचकीत थर! पेंटरने बोल्ट काढला, रंग मारला आणि रंगावरच परत कसला. बोल्टच्या आट्यांमधून जेवढा कॉन्टॅक्ट मिळत होता तेवढ्यावर चाललं होतं, आणि पहिल्या पावसाळ्यात तिथे पाणी मुरून तेही गेलं. पॉलिश पेपरने रुपयाएवढा भाग पत्रा दिसेपर्यंत घासला, दातेरी वॉशर टाकला, कसला आणि वरून पेट्रोलियम जेली लावली. जेली कसल्यानंतर लावायची, आधी नाही. गाडीच्या मागच्या भागातलं सगळं भूत तिथेच उतरलं.

पुढच्या भागाचं प्रकरण वेगळं होतं. हेडलाईट लावली की टेम्परेचरचा काटा आणि पेट्रोलचा काटा दोन्ही एकदम वर सरकायचे. आता हेडलाईट लावल्याने टाकीत पेट्रोल वाढत असतं तर काय पाहिजे होतं! दोन मीटर एकाच वेळी खोटं बोलायला लागले की सेंसर बदलू नका, दोघांमध्ये कॉमन काय आहे ते बघा, म्हणजे सप्लाय नाहीतर अर्थ. डॅशबोर्डखाली डाव्या बाजूला, पायाजवळच्या कव्हरमागे अर्थचा पॉइंट होता, त्यावर हिरवी पूड साठलेली. दर उन्हाळ्यात गाडी कोकणात जाते, तिथली खारी हवा आणि ओला कार्पेट, दुसरं काय होणार.

आता मल्टिमीटरबद्दल, कारण इथे बरेच जण फसतात. वायरचा रेझिस्टन्स ओहममध्ये मोजून काही कळत नाही. वायरीतली एक तार जरी शिल्लक असेल तरी मीटर शून्याच्या जवळच दाखवतो, पण त्या एका तारेतून सेल्फचा करंट जाणारे का? म्हणून व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे त्या वायरीत किती व्होल्ट वाया जातात ते बघायचं, आणि तेसुद्धा लोडवर, म्हणजे करंट वाहत असताना. मीटर डीसी 20 व्होल्टवर ठेवा, एक टोक बॅटरीच्या मायनस पोलवर (क्लॅम्पवर नाही, शिशाच्या पोलवर) आणि दुसरं इंजिनच्या ब्लॉकवर, आणि कुणालातरी सेल्फ मारायला सांगा. 0.2 व्होल्टच्या आत असेल तर ठीक. अर्धा व्होल्ट किंवा जास्त आला तर इंजिनची अर्थ पट्टी, ती विणलेली जाळीची असते ती, गेली म्हणून समजा. लाईटींसाठी हीच टेस्ट दुसरं टोक लॅम्पच्या अर्थवर लावून, लाईट चालू ठेवून करायची, तिथे 0.1 च्या वर नको.

ही पट्टी पूर्ण तुटली तर काय होतं ते मी एका मित्राच्या गाडीत बघितलंय. सेल्फ हळूहळू फिरत होता आणि ॲक्सिलरेटरची केबल हाताला गरम लागत होती! सेल्फला शंभर-एक अँपिअर लागतात, इंजिन बसलेलं रबरी माउंटिंगवर, म्हणजे बॉडीशी जोड नाही, मग सगळा करंट केबलीतून चालला होता. त्याला सेल्फ बदलायचं कोटेशन मिळालेलं. पट्टी दीड-दोनशेत आली.

रात्रीत बॅटरी उतरते हा अजून एक विषय. बॅटरी चांगली असेल तर गाडी बंद करून काही तासांनी 12.6 च्या आसपास आणि इंजिन चालू असताना 13.8 ते 14.4 दिसायला पाहिजे. हे दोन्ही बरोबर असूनही सकाळी सेल्फ घेत नसेल तर कुठेतरी करंट पितंय. बॅटरीची मायनस वायर काढून पोल आणि त्या वायरीच्या मधे मल्टिमीटर जोडायचा, 10 अँपिअरच्या सॉकेटवर, दारं बंद, आणि चावीला हात लावायचा नाही नाहीतर मीटरचा फ्यूज उडतो. 50 मिलीअँपिअरच्या आत चालतं. आमच्याकडे 300 दाखवत होता, म्हणजे दिवसाला 7 अँपिअर-आवरच्या वर, 35 ची बॅटरी चार-पाच दिवसांत आडवी. एकेक फ्यूज काढत गेलं की आकडा कुठे पडतो ते कळतं. आमचा पडला स्टिरिओच्या फ्यूजवर, आधीच्या मालकाने बसवलेला ॲम्प्लिफायर गाडी बंद केल्यावरपण जागाच होता. सगळे फ्यूज काढूनही आकडा हलला नाही तर मग डायनामोच्या डायोडवर संशय घ्यायचा, कारण त्याची जाड वायर बॅटरीला थेट असते, फ्यूजबॉक्समधून जात नाही.

आणि त्या मालकाचे आणखी पराक्रम सांगतो. हेडलाईटला 60/55 वॉटच्या जागी 100/90 चे बल्ब, तेही रिले (जास्त करंट स्विचऐवजी स्वतःमधून जाऊ देणारा डबा) न टाकता! दोन बल्बचे मिळून 16-17 अँपिअर सरळ डिपरच्या स्विचमधून. स्विचचं प्लास्टिक पिवळं पडलेलं आणि वायरी जोडायचा कपलर वितळून चिकटलेला. एवढं करून उजेड तरी पडत होता का, तर नाही, कारण बारीक वायरीत व्होल्टेज कमी झालं की उजेड त्याच्या कितीतरी पट कमी होतो, दहा टक्के व्होल्ट गेले की जवळजवळ तीस टक्के उजेड जातो. आता साधे 60/55 आहेत, बॅटरीवरून फ्यूज लावून थेट लाईन आणि दोन रिले, आणि रात्री खंबाटकीला समोरचं नीट दिसतं.

जिथे जिथे फक्त पिळून चिकटटेप गुंडाळली होती ते जोड कापून सोल्डर केले आणि स्लीव्ह चढवली. टेप उन्हाळ्यात पाघळते आणि वायर उघडी पडते, हे बॉनेटखाली हात घातलेल्या कुणालाही विचारा.

राहिलाय तो मागचा वायपर. बंद केला की जाग्यावर जात नाही, काचेवर कुठेही मध्येच थांबतो. स्विच बदलून झालाय, अर्थिंग तपासलंय, ड्रॉप 0.05, म्हणजे अर्थिंगला आता दोष देता येत नाही. मोटरच्या आतली पार्किंगची पत्ती, म्हणजे वायपरला जाग्यावर आणून थांबवणारी, झिजली असावी असा अंदाज आहे, या रविवारी मोटर उतरवतोय.