आजेसासऱ्यांची दुनळी

सासऱ्यांनी माळ्यावरून गादीच्या जुन्या खोळीत गुंडाळलेली बंदूक खाली आणली आणि माझ्या मांडीवर ठेवली. "तू इंजिनिअर ना? सांग काय आहे ही." बंदूक त्यांच्या वडिलांची, म्हणजे माझ्या आजेसासऱ्यांची. घरात सगळे तिला 'मानुफ्रांस' म्हणत. फ्रान्समधल्या सेंत-एतिएनच्या आसपास कुठल्याही आजोबांची बंदूक मानुफ्रांसच असते, जसं आमच्याकडे कुठलंही वनस्पती तूप डालडाच असायचं. मानुफ्रांस म्हणजे इथला टपालाने माल विकणारा प्रचंड कारखाना. बंदुका, शिवणयंत्रं, 'इराँदेल' नावाच्या सायकली, सगळं कॅटलॉगमधून घरपोच. १९८५ मध्ये तो कायमचा बंद झाला, पण नाव लोकांच्या तोंडातून गेलेलं नाही.

मी मूळचा कुडाळचा. आमच्या वाडीत रानडुकरांसाठी शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची एक ठासणीची बंदूक होती. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची आणि डुकरं बिनधास्त भातात शिरायची. बंदुकीची माझी ओळख तेवढीच.

वरची चावी अंगठ्याने उजवीकडे सारून बंदूक मोडली. नळ्या रिकाम्या आहेत हे डोळ्यांनी पाहिलं, करंगळी घालूनही पाहिलं. घोडे बाहेर दिसत नव्हते, ते आत. चाप दोन. दोन नळ्यांमधल्या पट्टीवर कोरलेलं नाव मानुफ्रांसचं नव्हतं. आँबेर या ओव्हेर्न्यमधल्या बाजारगावातल्या कुणाचं तरी आडनाव होतं. (आडनाव लिहीत नाही, त्यांची माणसं अजून तिथे असतील.) झालं, मला वाटलं, कारागीर सापडला.

मग पुढचा लाकडी हात काढून नळ्या सोडवल्या आणि उलट्या केल्या. खरा मजकूर तिथे होता. नळ्यांच्या मागच्या टोकाला खाली सपाट भाग असतो, तो काळ्या चिकट थराने भरला होता. तेलाचा बोळा तासभर ठेवून पुसलं, तरी भिंगातून नीट लागेना. शेवटी पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल घासली, लहानपणी चार आण्याचा सिंह वहीत उमटवायचो तशी. कागदावर एकेक उमटत गेलं: एकमेकींवर तिरक्या ठेवलेल्या दोन झावळ्या आणि वर मुकुट, 'सेंत-एतिएन', मुकुटाखाली 'पीटी', मग १६, ६५, १७.० आणि '१ के २३०'. कडेला बारीक अक्षरांत 'आसिए जाकोब ओल्त्झेर'.

इथे मी शुद्ध गाढवपणा केला. 'पीटी' ही कारागिराची आद्याक्षरं आणि '१ के २३०' हे मॉडेल, असं धरून दोन रविवार घालवले. प आणि ट वरून सुरू होणारे सेंत-एतिएनचे बंदूकवाले शोधत बसलो. 'मॉडेल १ के २३०' अर्थातच कुठे सापडलं नाही. बायको म्हणाली, दुकानात जा की एखाद्या. दुकानं इथे नवलाची नाहीत. राज्यक्रांतीच्या काळात या शहराचं नावच काही दिवस 'आर्मविल', म्हणजे शस्त्रांचं गाव, असं होतं.

पहिल्या दुकानातल्या मुलाने कागद न बघताच "बॉक्सलॉक, शंभर-दीडशे युरो" म्हटलं (बॉक्सलॉक म्हणजे घोड्यांची यंत्रणा आतल्या चौकटीत बसवलेली बंदूक) आणि सोळा बोअरच्या काडतुसांची पेटी काउंटरवर ठेवली. सासऱ्यांचा शिकारीचा परवाना होता, त्यांनी घेतली. त्या पेटीचं पुढे सांगतो.

दुसरं दुकान म्हणजे अंगणातून मागे गेल्यावर लागणारी एक खोली. तिथल्या गृहस्थांचं वय सत्तरीच्या पुढचं असावं. त्यांनी आधी बंदूक घेतलीच नाही, माझा पेन्सिलचा कागद घेतला आणि खूश झाले. "पीटी माणूस नाही हो, दारू आहे, बंदुकीची." पूद्र टी, सरकारी मक्तेदारीतली बिनधुराची दारू. इथल्या प्रूफ हाऊसमध्ये प्रत्येक बंदुकीत मुद्दाम जादा जोराचा बार भरून उडवतात. नळी तगली तर ठसा, नाहीतर भंगार. झावळ्या आणि मुकुट हा त्याचाच ठसा. पीटीवर एक मुकुट म्हणजे साधी परीक्षा, दोन असतील तर जास्त कडक. आमच्या बंदुकीवर एकच. पूद्र टी आहे म्हणजे बंदूक १९०० नंतरची. एकंदर घडणीवरून त्यांनी दोन महायुद्धांच्या मधली धरली.

१६ म्हणजे बोअर. नळीत बसेल एवढ्या शिशाच्या गोल गोळ्या एका पौंडात सोळा भरतात, तो सोळा बोअर. त्यामुळे बारा बोअर सोळापेक्षा मोठा. १७.० हा नळीचा आतला व्यास, मिलिमीटरमध्ये. त्यांनी मापक आत सरकवून पुन्हा मोजला, तो १७.० च आला. "आतून कुणी घासून चकाचक केलेली नाही. बरं झालं." आणि १ के २३०? एक किलो दोनशे तीस ग्रॅम. नळ्यांचं वजन! घरी येऊन नळ्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवल्या: १ किलो २२४. मॉडेल क्रमांक म्हणून मी जो आकडा जगभर शोधला तो पिठाच्या डब्याशेजारी दोन मिनिटांत सुटला असता.

ओल्त्झेर हे पोलादाचं नाव, जवळच्या उनिय गावातल्या पोलाद कारखान्याचं. आत बसवलेली यंत्रणा अॅन्सन पद्धतीची, मूळ १८७५ चं बर्मिंगहॅमचं पेटंट. मग बनवणारा कोण? आँबेरवाला? म्हातारबुवा हसले. आँबेरवाला दुकानदार. त्याने बंदूक विकत घेतली आणि पट्टीवर आपलं नाव कोरून घेतलं, आपल्याकडे भांड्यावर घालतात तसं. बनवणारे इथलेच. नळीवाला वेगळा, बिजागरीचा सांधा कानशीने जुळवणारा वेगळा, दस्ता कोरणारा वेगळा, नक्षीवाला वेगळा, पोलादाला पाणी देणारा वेगळा. प्रत्येकाचं काम आपापल्या घरी, उंच खिडकीशी, आणि अर्धवट बंदूक या घरातून त्या घरात जायची. "सही कोण करणार? सगळी गल्ली?" मानुफ्रांस आणि दार्नसारख्यांची नावं राहिली, कारण त्यांचे कारखाने होते. दार्नची बंदूक तर मोडतच नाही, मागचा ठोकळा सरकतो, ती लांबूनही ओळखू येते. आमचीला ओळखायला नावच नव्हतं.

मग त्यांनी नळ्या एका दोरीला टांगल्या आणि बोटाच्या पेराने टिचकी मारली. देवळातल्या लहान घंटेसारखा नाद निघाला आणि बराच वेळ रेंगाळला. मधली पट्टी कुठे सुटली असेल तर आवाज बद्द येतो. नळ्या खिडकीकडे धरून मला आत पाहायला लावलं. डावी आरशासारखी, गोलात गोल, एकही वर्तुळ वाकडं नाही. उजवीत मात्र बारीक खड्डे. चालेल म्हणाले.

शेवटी त्यांनी काडतुसांची पेटी मागितली आणि बाजूला सारली. पेटीवर १६/७० होतं, बंदुकीवर ६५. हे आकडे काडतुसाच्या लांबीचे, मिलिमीटरमध्ये, आणि ही लांबी उडून उलगडल्यानंतरची मोजतात. त्यामुळे सत्तरचं दुमडलेलं काडतूस पासष्टच्या खोबणीत अगदी सुखाने बसतं, काही बिघडलंय असं वाटतही नाही. बार उडताना मात्र त्याचं तोंड पुढच्या निमुळत्या भागात उघडतं, वाट अडते आणि दाब वाढतो. पहिल्या दुकानातल्या मुलाने बंदुकीचा आकडा पाहिलाच नव्हता. आम्ही दोघांनीही नाही. मी तर तो स्वतःच्या हाताने कागदावर उमटवला होता. सासरे परतताना गाडीत एक शब्द बोलले नाहीत.

कागदपत्रांचं थोडक्यात: दोन नळ्यांची शिकारीची बंदूक इथे क वर्गात येते, नोंद सक्तीची. सासऱ्यांच्या नावावर म्हातारबुवांनीच ती करून दिली. आता सरकारी संकेतस्थळावर सासऱ्यांच्या खात्यात एक 'डिजिटल रॅक' आहे आणि त्यात आजेसासऱ्यांची बंदूक टांगलेली दिसते. सासऱ्यांना याचं फार हसू येतं.

दस्त्याच्या पोटात एक पितळी बटण होतं, ते मला आधी बिघडलेली दुरुस्ती वाटलं. म्हातारबुवांनी ओढलं तर आतून चामड्याचा पट्टा सर्रकन बाहेर आला, टेलरच्या टेपसारखा. दस्त्याच्या आत स्प्रिंग. पट्टा नळीखालच्या कडीला अडकवायचा आणि बंदूक खांद्याला लावायची. सोडला की परत आत. फ्रेंच लोकांच्या डोक्यातून निघालेली मला सगळ्यात आवडलेली वस्तू हीच. दुसऱ्यांदा ओढताना तुटला.

जुलैत सासऱ्यांच्या गावच्या जत्रेत बॉल-ट्रॅप होता, उडत्या मातीच्या तबकड्यांवर नेम. योग्य ती, हलकी काडतुसं घेऊन गेलो. बंदूक इतकी हलकी की झटकन वर येते आणि तितक्याच झटकन तबकडीच्या पुढे निघून जाते. पुढचा चाप उजव्या नळीचा, मागचा डाव्या. माझं बोट दर वेळी पुढच्यावरच अडकायचं आणि दुसरा बार आठवेपर्यंत तबकडी गवतात. पंचवीसात सात. माझ्या मागे उभ्या असलेल्या एका दहा वर्षांच्या पोरीने अकरा फोडल्या.

नळ्या पुसताना मी सासऱ्यांना विचारलं, उजवीच एवढी का खाल्लीय? त्यांनी दोन्ही नळ्या उन्हाकडे धरून बराच वेळ पाहिलं.

"काडतुसं महाग होती," ते म्हणाले. "बाबा एकच घालायचे. उजवीत."