तुम्ही विचारलंत म्हणून: बुरशीतून निघालं काय?

मोतीबिंदूची चांगली चाललेली प्रॅक्टिस अर्धी करून बुबुळाच्या बुरशीवर संशोधन करत बसलात, त्यातून निघालं काय? हा प्रश्न मला लग्नकार्यात भेटतो, कॉन्फरन्सच्या जेवणाच्या रांगेत भेटतो आणि दर दिवाळीला सख्खा भाऊ विचारतो. एका सत्कारात मी सांगून टाकलं होतं, ‘एका पेशंटच्या डोळ्यानं मला इकडे वळवलं.’ टाळ्या पडल्या. ते अर्धवट होतं.

पेशंट खरी होती. २००५ चा जानेवारी. बीडकडची, ऊसतोडणीच्या टोळीतली बाई, डोळ्याला उसाचं पातं लागलेलं. डोळा लाल, पाणी गळतंय, उजेड सोसत नाही. फ्लुरोसिन या रंगाची पट्टी लावून बुबुळावरची जखम बघायला दोन मिनिटं लागतात. ओपीडीत गर्दी होती. मी स्टिरॉइड मिसळलेले अँटिबायोटिकचे थेंब लिहिले आणि पुढच्या पेशंटला बोलावलं.

तेव्हा तसे थेंब सर्रास दिले जायचे, असं मी स्वतःला पुष्कळदा समजावलं आहे. खोटं नाही ते. पण पाला लागलेल्या डोळ्यात आधी बुरशी आठवायची आणि बुरशीला स्टिरॉइड म्हणजे मोकळं रान, हे मला शिकवलेलं होतं.

ती नवव्या दिवशी परत आली. बुबुळ पांढुरकं, व्रणाच्या कडा पिसासारख्या, आत तळाशी पुवाचा थर. खरवडून केओएच (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) द्रावणाच्या थेंबात मायक्रोस्कोपखाली पाहिलं, तर बुरशीचे फांद्या फुटलेले धागेच धागे. इतके दिवस का थांबलीस, असं मी तिच्यावर ओरडले. हो, ओरडले.

‘थांबले न्हाई, बाई. तुमच्या थेंबानं उतार पडला व्हता. अन् खाडा पडला तर मुकादम पैसे कापतो.’

नवराबायको मिळून एक कोयता. ती बसली की त्याचंही काम अडतं, आणि उचल तर फिटायचीच असते. नॅटामायसिन हे बुरशीवरचं औषध तासातासाला घालायचं, रात्रीसुद्धा. पालावर ते कोण घालणार, म्हणून भरती करून घेतलं. चौथ्या दिवशी बुबुळ फुटलं. शहरात पाठवली, तिथे डोळा काढावा लागला. मी तिला एवढंच सांगितलं की बुरशी फार आत गेली होती. थेंबांबद्दल सांगितलं नाही. हे मी आज पहिल्यांदा लिहिते आहे.

आणि त्यानंतर सहा वर्षं मी मोतीबिंदूच करत होते. वळले ती २०११ मध्ये, तेही मायक्रोस्कोपखालच्या त्या धाग्यांची गोडी लागली म्हणून. अपराधाची भावना होतीच, पण निव्वळ तिच्यापायी मी उठले असते असं आता वाटत नाही. कधीकधी वाटतं, स्लाइड खाडा विचारत नाही, म्हणूनही असेल.

निघालं काय? माझ्या हातून नवं औषध निघालं नाही. आम्हा सगळ्यांची भिस्त नव्या, महागड्या व्होरिकोनॅझोलवर होती. दक्षिणेतल्या अरविंद नेत्ररुग्णालयांत ३२३ रुग्णांवर चाचणी झाली, २०१३ मध्ये निकाल आला: जुनं नॅटामायसिनच सरस, फ्युजेरियम बुरशीत तर ठळकपणे. दक्षिण आफ्रिकेतल्या नातालच्या मातीत सापडलेलं, १९५० च्या दशकातलं औषध. ‘म्हणजे काहीच निघालं नाही’, असं भाऊ म्हणाला. अरे, कुणाला कुठले थेंब देऊ नयेत हे कळणं म्हणजे काहीच नाही?

पण तिचा डोळा नॅटामायसिन नव्हतं म्हणून गेला नाही, हे मलाही कळतं. नेपाळमधल्या भक्तपूरच्या अभ्यासात गावातल्याच कार्यकर्त्यांनी खरचटलेल्या डोळ्यांत लगेच मलम घातलं. ज्यांना अठरा तासांच्या आत मिळालं, त्यांच्यात एकालाही व्रण झाला नाही. ते वाचून मी हरखून गेले होते. पुढे नेपाळमध्येच मोठी तुलनात्मक चाचणी झाली, तिच्यात फरक दिसला नाही. तरीही मी मुकादमांना गाठून मलमाच्या ट्यूब देते. त्यांतल्या किती उघडल्या जातात, याची मी अजून नोंद ठेवलेली नाही. ठेवायला हवी होती.

भाऊ यंदाही विचारेल. त्याला नॅटामायसिनचं सगळं पाठ आहे. त्या बाईचं मी त्याला कधी सांगितलेलं नाही.