तुम्ही विचारलंत म्हणून: लेखन कार्यशाळेत नेमकं करतात काय?

पालक विचारतात, "कार्यशाळेला जाऊन लिहिता येतं का हो?" मुलं विचारतात, "तिथं करतात काय?" मुलांचा प्रश्न जास्त कामाचा, म्हणून त्याचंच उत्तर देतो.

लिहितात. प्रतिभेवर व्याख्यान सुरू झालं की दोन तास गेलेच म्हणून समजा. पहिली बारा मिनिटं मान खाली घालून लिहायचं, खोडरबर दप्तरात. विषय 'पाऊस' दिलात तर शाळेचा निबंध हाती येतो. 'किल्ली लागत नाहीये आणि आत कुणीतरी आहे' असं दिलं की काहीतरी घडायला लागतं.

मग वाचन. ते लिहिणाऱ्यानं करू नये. आवाज चांगला असेल तर तो कच्चा मजकूरही तारून नेतो. कागद शेजाऱ्याला द्यावा आणि तो अडखळेल तिथं पेन्सिलीनं खूण करावी. बऱ्याच खुणा लांबलेल्या वाक्यांवर पडतात, बाकीच्या 'हे बोलतंय कोण?' या गोंधळावर.

चर्चेत "छान आहे" म्हणायला बंदी. काय लक्षात राहिलं, कुठं लक्ष उडालं, काय कळलं नाही, एवढंच सांगायचं आणि याच क्रमानं. तोवर लिहिणारा गप्प. "मला असं म्हणायचं होतं" म्हणून तो जे सांगू लागतो, नेमकं तेच कागदावर उतरलेलं नसतं.

समजा, वाक्य आहे: 'आजी गेल्यावर घर सुनं सुनं झालं.' कुणालाच काही आठवत नाही. 'सुनं' हा शब्द न वापरता पुन्हा लिहायला सांगितलं की येतं: 'तिच्या चष्म्याची डबी तीन दिवस खिडकीतच होती. चौथ्या दिवशी कुणीतरी ती कपाटात ठेवली.' आता 'कुणीतरी' म्हणजे कोण, यावर गट दहा मिनिटं भांडतो. (पुढच्या वेळी निम्मे जण चष्म्याची डबी आणतात, तो भाग वेगळा.)

अशा मजकुरात खरं दुःखही असतं. "हे तुझ्या घरी घडलं का?" असं कधीही विचारू नये. 'तू' न म्हणता 'निवेदक', म्हणजे मजकुरातला सांगणारा, म्हणावं. नाहीतर तो मुलगा पुढच्या वेळी परीकथा आणतो, किंवा येतच नाही.

फसतं ते बहुधा हिशोबात. बारा जण, प्रत्येकी पंधरा मिनिटं म्हणजे तीन तास. शेवटच्या चौघांचं कुणी ऐकतच नाही. एका बैठकीला चौघांचंच लेखन घ्यावं. दुसरं म्हणजे मार्गदर्शकाची आवड. तिसऱ्या बैठकीपर्यंत सगळे त्याच्यासारखंच लिहायला लागले, तर त्यानं आपलं मत सर्वांत शेवटी द्यावं, किंवा देऊच नये.

घरी जाताना एकच काम: पुनर्लेखन. येताना दोन्ही खर्डे आणायचे. नुसतं शुद्धलेखन सुधारलेलं दिसलं, तर पहिला परिच्छेद झाकून दुसऱ्यापासून वाचायला लावावं.