आठ पौंडात, उभ्यानं

मिरजेत वाढलेल्या माणसाला गाण्याचं तसं काही अप्रूप नसतं. शाळेला जाताना सतारमेकर गल्लीत वाळायला ठेवलेले भोपळे बघायचे, आत कुणीतरी तंबोऱ्याची जवारी लावत बसलेलं असायचं, आणि उरुसाला दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ रात्र रात्र गाणं, तेही फुकट. चिंचेच्या झाडाखाली बसायचं, झोप आली तर तिथंच आडवं व्हायचं. मला राग ओळखता येत नव्हते, आजही येत नाहीत, पण ते कुणी कधी विचारलंही नाही.

तरी लंडनला आल्यावर चार वर्षं मी इथल्या क्लासिकल म्युझिकच्या वाटेला गेलो नाही. डोक्यात पक्कं बसलेलं की सूटबूट लागणार, शंभर पौंडाचं तिकीट असणार आणि मध्येच खोकला आला तर संपलंच. मग ऑफिसातल्या एकानं सांगितलं की अरे प्रॉम्सला जा, म्हणजे दर उन्हाळ्यात इथं होणाऱ्या क्लासिकलच्या मैफलींना, उभ्याचं तिकीट घे, आठ पौंड. आठ पौंडात इथं धड जेवण होत नाही हो! सकाळी ऑनलाइन तिकीट काढलं आणि संध्याकाळी रॉयल अल्बर्ट हॉलला गेलो. नवे बूट घालून गेलो हा गाढवपणा, त्याबद्दल पुढं सांगतो.

हॉल 1871 सालचा, लंबगोल, एका वेळी पाच हजारांवर माणसं मावतात. आणि गंमत म्हणजे उभ्यावाल्यांना मागं कोपऱ्यात ढकललेलं नाही, स्टेजच्या अगदी पुढ्यात ठेवलंय, व्हायोलिनवाल्याच्या कपाळावरचा घाम दिसतो एवढं जवळ. महागाच्या खुर्च्या आमच्या मागं आणि वर. आपल्याकडं पुढचे सोफे कुणासाठी असतात ते माहितीच आहे, त्यामुळं मला हे फारच आवडलं. आजूबाजूला हाफ पँटवाले, पिशवीत सँडविच आणलेल्या आजीबाई, पाठीवर सॅक घेतलेले कॉलेजचे पोरं. पियानोचं झाकण उचलायला माणसं आली की खालचे ओरडतात ‘हीव’ आणि वरच्या गॅलरीतले ‘हो’, म्हणजे आपलं जोर लगा के हैय्या! पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी इकडंतिकडं बघायला लागलो की भांडण झालं का काय.

हे सगळं 1895 पासून चालू आहे. रॉबर्ट न्यूमन म्हणून एक मॅनेजर होता क्वीन्स हॉलचा, त्याला वाटायचं की साध्या माणसाला आधी सोपं, कानाला गोड असं ऐकवावं आणि हळूहळू भारी गोष्टींची सवय लावावी. तिकीट एक शिलिंग. खायला प्यायला आणि विडीकाडीलाही परवानगी, फक्त गायक गात असताना आगकाडी ओढू नका एवढी विनंती. पैसे घातले जॉर्ज कॅथकार्ट नावाच्या घशाच्या डॉक्टरनं, पण एक अट घालून: ऑर्केस्ट्राची पट्टी खाली आणा, एवढ्या वरच्या सुरात गाऊन गायकांचे गळे खराब होतात. हे वाचलं तेव्हा मी एकटाच हसलो, कारण काळी एक का काळी दोन यावर हार्मोनियमवाल्याशी घातलेले वाद मिरजेत लहानपणापासून ऐकत आलोय. हेन्री वुड हा कंडक्टर, म्हणजे पुढं उभा राहून हातानं ऑर्केस्ट्रा चालवणारा, पुढं जवळजवळ पन्नास वर्षं या मैफली करत राहिला. 1941 मध्ये बॉम्ब पडून क्वीन्स हॉल जळाला तर बाडबिस्तरा उचलून अल्बर्ट हॉलला आले. त्या ढिगाऱ्यातनं काढलेला वुडचा अर्धपुतळा दर उन्हाळ्यात स्टेजच्या मागं ठेवतात.

त्या दिवशी बीथोव्हनची सातवी सिंफनी होती, म्हणजे ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेली, भागाभागांची मोठी रचना. मला ना सिंफनी माहीत ना तिचे भाग. दुसरा भाग सुरू झाला, एकच लय, चालत आल्यासारखी, आधी खालच्या आवाजात, मग एकेक वाद्य येऊन वर चढत जातं, आणि सुरावट म्हणावी तर जवळजवळ एकाच सुराभोवती फिरतेय. विलंबितात एखादा बुवा एका सुरावर बसून राहतो आणि आपण श्वास धरून ऐकतो ना, तसं काहीतरी झालं. तोंडातनं ‘वा’ निघणार होता तो गिळला. भाग संपल्यावर मात्र (इथं सगळी सिंफनी संपेपर्यंत टाळ्या वाजवायच्या नाहीत असा रिवाज) उभ्यावाल्यांपैकी काहींनी टाळ्या वाजवल्या आणि खुर्च्यांतनं दोनचार जणांनी असं बघितलं की आम्ही चपला घालून देवघरात शिरलोय. घरी येऊन वाचलं तर 1813 साली व्हिएन्नात पहिल्यांदा वाजली तेव्हा याच भागाला लोकांनी वन्स मोर घेतला होता! म्हणजे तेव्हाचं पब्लिक आपल्या संगीत नाटकांच्या पब्लिकसारखंच होतं की. हा गप्प बसायचा सोवळेपणा नंतरचा. मला तर वाटतं हे संगीत टिकलं ते सोवळ्यावाल्यांमुळं नाही, या आठ पौंडवाल्यांमुळं, जे ऑफिस सुटल्यावर येतात, अर्धं समजतं अर्धं नाही, आणि परत येतात. (खुर्चीवाले रागावतील, रागावू देत.)

पाय मात्र मेले. नव्या बुटात दोन तास. मध्यंतरात बघतो तर निम्मे लोक सरळ जमिनीवर बसलेले, माझ्या शेजारच्या आजीबाईंनी तर सॅकमधनं उशी काढली. गेली तीस वर्षं येतायत म्हणाल्या, नवरा होता तेव्हा दोघं यायचे. मीही बसलो, बूट काढून. फार दिवसांनी पब्लिकमध्ये मांडी घातली.

आईला फोनवर सांगितलं तर तिचा पहिला प्रश्न, “पैसे देऊन उभं राहायचं?” मी म्हटलं अगं आठशे-नऊशे रुपयेच होतात. तर म्हणाली, “दर्ग्यात फुकट बसायला मिळायचं तेव्हा तू तासाभरात घोरायचास.”

आजीबाईंनाही मी उरुसाचं सांगितलं, रात्रभर गाणं, झाड, तिकीट नाही. त्यांना रात्रभर आणि फुकट हे पटतच नव्हतं. मग विचार करून म्हणाल्या, बसायची सोय काय? म्हटलं, सतरंजी. तर म्हणे ठीक आहे, उशी माझी मी आणीन.